समोरच्याचा हात थरथरला, मग बेट लावायची का?

पोकर कधीच न खेळलेल्या माणसालाही या खेळाबद्दल एक गोष्ट ठाऊक असते: समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याची पानं ओळखायची. पडद्यावर हे झकास दिसतं. खलनायक कानाची पाळी चोळतो, नायकाची नजर तिकडे जाते आणि तो सगळ्या चिप्स, म्हणजे पैशांच्या जागी वापरायच्या चकत्या, मधे ढकलतो. खऱ्या टेबलावर कानाची पाळी चोळणाऱ्याच्या कानाला बहुतेक वेळा नुसती खाज सुटलेली असते.

पण म्हणून अशा नकळत सुटणाऱ्या खुणा, ज्यांना पोकरवाले ‘टेल’ म्हणतात, निव्वळ थोतांड ठरत नाहीत. टेलला किंमत असते. ती बहुतेकांना वाटते त्यापेक्षा बरीच कमी असते, आणि ती नेमकी कधी वसूल होते हे कळायला चेहऱ्याच्या आधी थोडा हिशेब समजून घ्यावा लागतो. तो अवघड नाही, शाळेतल्या टक्केवारीपुरता आहे.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी आधी थोडक्यात. सगळ्यात जास्त खेळला जाणारा प्रकार टेक्सस होल्डेम. प्रत्येकाला दोन बंद पानं मिळतात आणि टेबलाच्या मधे पाच पानं उघडली जातात, ती सगळ्यांची सामायिक. आधी एकदम तीन, याला फ्लॉप म्हणतात. मग एक, तो टर्न. शेवटी आणखी एक, तो रिव्हर. पानं वाटल्यावर आणि या प्रत्येक टप्प्यानंतर बेटिंगची, म्हणजे चिप्स पणाला लावण्याची, एक फेरी होते. अजून कोणी बेट लावलेली नसेल तर तुम्ही चेक म्हणून पाळी पुढे ढकलू शकता किंवा स्वतः बेट लावू शकता. लावलेली असेल तर तेवढ्याच चिप्स टाकून कॉल करायचं, वाढवून रेझ करायचं, नाहीतर पानं टाकून फोल्ड व्हायचं. मधे जमलेल्या चिप्स म्हणजे पॉट. बाकी सगळ्यांनी फोल्ड केलं तर उरलेला एकटा आपली पानं न दाखवताच पॉट घेऊन जातो. ब्लफ नावाचा प्रकार याच नियमावर उभा आहे.

आता बेट लावण्यामागची कारणं पाहू. ती मुळात दोनच असतात. तुमची पानं चांगली आहेत आणि त्याहून हलकी पानं धरून बसलेला माणूस कॉल करेल असं वाटतं, ही कमाईची बेट. किंवा तुमची पानं हलकी आहेत आणि त्याहून चांगली पानं असलेला माणूस फोल्ड करेल असं वाटतं, हा ब्लफ. रिव्हरच्या आधी, अर्धवट जुळलेली पानं घेऊन बसलेल्याला पुढचं पान फुकट बघू द्यायचं नाही असंही एक कारण सांगतात. ते या दोन्हींचंच मिश्रण आहे. ‘बघू या तर खरं काय होतं’ हे कारण नव्हे, जरी टेबलावरच्या निम्म्या बेटा त्याच भावनेतून पडत असल्या तरी.

दोन्ही कारणांकडे नीट पाहिलं तर लक्षात येईल की बेट लावणाऱ्याला समोरच्याकडे काय आहे एवढं कळून भागत नाही. तो काय करणार आहे, हे कळायला हवं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि टेल वाचणारे त्यांची सर्रास गल्लत करतात. समजा समोरच्याचा चेहरा पडला, त्याच्याकडे जेमतेम एक लहानशी जोडी आहे हे तुम्ही अचूक ओळखलंत आणि मोठा ब्लफ मारलात. पण हा गृहस्थ हातात जोडी असताना जन्मात फोल्ड न करणारा निघाला तर? तुमचं वाचन शंभर टक्के बरोबर आणि चिप्स शंभर टक्के त्याच्या. उलट, हट्टी माणसाची पानं हलकी आहेत असं दिसलं आणि तुमच्याकडे बऱ्यापैकी पानं असली, तर तीच खूण सांगते की बेट लाव, हा कॉल करणारच आहे.

आता खुणांकडे वळू. अमेरिकन खेळाडू माइक कॅरो याने १९८४ साली टेलवर एक सबंध पुस्तक लिहिलं, फोटोंसकट. त्यातलं मुख्य सूत्र आजही टेबलावर ऐकू येतं: जो दुबळेपणा दाखवतो त्याच्याकडे भारी पानं असतात आणि जो जोर दाखवतो त्याच्याकडे फुसकी. यामागचं कारण साधं आहे. पोकरमध्ये प्रत्येकाला काहीतरी लपवायचं असतं, आणि नवख्याला लपवण्याचा एकच मार्ग सुचतो, तो म्हणजे उलटं दाखवणं. म्हणून तो उसासा टाकतो, खांदे उडवतो, ‘बघा बुवा, टाकतो आता’ अशा सुरात चिप्स पुढे सरकवतो. असं करणाऱ्याला कॉल करण्यापूर्वी दोनदा विचार करावा. कारण ज्याला तुम्ही फोल्ड व्हायला हवे आहात, तो स्वतःचं दुःख तुम्हाला कशाला ऐकवेल? याउलट, जो तुमच्याकडे रोखून बघतो, चिप्स आपटून टाकतो, किंवा तुमचा हात चिप्सकडे जाताच स्वतःही चिप्स उचलून कॉलच्या तयारीत असल्यासारखा बसतो, तो तुम्हाला बेट लावण्यापासून परावृत्त करू पाहतोय. अशा वेळी बेट लावणं पुष्कळदा योग्य ठरतं.

हे सगळे नाटकी टेल. दुसरा गट नाटक न करता सुटणाऱ्या खुणांचा, आणि माझ्या मते तो जास्त विश्वासाचा. त्यात सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे हाताची थरथर. नवखा माणूस मोठी बेट लावताना हात कापताना दिसला की आपलं मन लगेच म्हणतं, घाबरलाय, ब्लफ आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उलट असतं. अचानक भारी पानं जुळली की शरीरात उत्तेजना उसळते आणि आता जिंकणार या जाणिवेने ताण सुटतो. तो ताण हातातून बाहेर पडतो. ब्लफ मारणारा सहसा स्वतःला आवळून धरतो. तो हलत नाही, श्वास जपून घेतो, कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून दगडासारखा बसतो. अर्थात ज्याचे हात चहाचा कप उचलतानाही कापतात त्याला हा नियम लागू नाही.

अशाच आणखी काही खुणा. फ्लॉप उघडल्यावर एखाद्याची नजर क्षणभर स्वतःच्या चिप्सच्या ढिगाकडे गेली आणि लगेच दुसरीकडे वळली, तर त्याला फ्लॉप आवडला असण्याची शक्यता चांगली असते. मनातल्या मनात तो किती लावू ते मोजतोय. फ्लॉपवर तीन इस्पिक आले आणि एखादा आपली दोन पानं पुन्हा उचलून बघू लागला, तर त्याच्याकडे दोन्ही इस्पिक असण्याची शक्यता कमी. दोन्ही पानं इस्पिकचीच असती तर ते लक्षात राहिलं असतं. बहुधा त्यातलं एक काळं आहे एवढंच त्याला आठवतंय आणि ते इस्पिक की किलवर हे तो तपासतोय. तुम्ही बेट लावताच समोरच्याने क्षणात कॉल केलं, तर त्याची पानं मधली असण्याचा संभव जास्त. फार भारी असती तर रेझ करू का, असा विचार करायला दोन क्षण गेले असते, आणि अगदी हलकी असती तर फोल्ड करू का, असा. विचारच करावा लागला नाही, याचा अर्थ ती या दोन टोकांच्या मधे कुठेतरी आहेत. मला हा टेल विशेष आवडतो, कारण इथे चेहरा वाचायचाच नाही, तर्क वाचायचा आहे.

चेहऱ्याबद्दल एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. मानसशास्त्रज्ञ मायकेल स्लेपियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००९ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या पोकरच्या सगळ्यात नावाजलेल्या स्पर्धामालिकेतले व्यावसायिक खेळाडूंचे व्हिडिओ घेतले आणि ते विद्यार्थ्यांना दाखवले. काहींना खेळाडूंचा फक्त चेहरा दिसत होता, काहींना कमरेच्या वरचं सगळं शरीर, आणि काहींना चिप्स पुढे सरकवणारे फक्त हात. पानं किती चांगली असतील याचा अंदाज बांधायचा होता. चेहरा बघणाऱ्यांचे अंदाज नुसत्या नशिबाने आले असते त्याहूनही किंचित वाईट निघाले. हात बघणाऱ्यांचे त्याहून चांगले. ज्यांच्या हातांची हालचाल सफाईदार आणि आत्मविश्वासाची वाटत होती, त्यांची पानं सरासरीने चांगली होती. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. फरक फार मोठा नव्हता हे लक्षात ठेवायला हवं, पण त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे: चेहरा लपवण्याचा सराव सगळेच करतात, मनगट लपवण्याचा कोणी करत नाही. आणि मघाशी म्हटलेल्या थरथरीशी याचा विरोध वाटला तरी तो वरवरचा आहे. तिथे नवख्याच्या उत्तेजनेबद्दल बोललो, इथे सरावलेल्यांच्या हालचालीबद्दल. एकच खूण दोन माणसांत दोन अर्थांची असू शकते, आणि या विषयातली खरी डोकेदुखी तीच आहे.

खोटं पकडण्याच्या बाबतीत माणूस एकूणच किती कच्चा आहे, यावरही भरपूर काम झालेलं आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डेपॉलो यांनी २००६ साली अशा अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र केले. समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे ओळखण्यात लोक सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ठरतात असं त्यातून दिसलं. नाणं उडवलं असतं तर ५० टक्के आले असते. खोटं बोलणाऱ्याची भीती आणि आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही या विचाराने खरं बोलणाऱ्याला वाटणारी भीती बाहेरून सारखीच दिसते. पोकरमध्ये तर भारी पानं असलेलाही घाबरलेला असतो. सगळे फोल्ड झाले तर कमाई बुडेल, ही त्याची भीती.

मग इतक्या कच्च्या साधनाचा उपयोग काय? इथे हिशेब येतो.

पॉटमध्ये १००० चिप्स आहेत. रिव्हर उघडला, तुमचं काहीच जुळलं नाही. समोरच्याने चेक केलं. आता जिंकायचा एकच मार्ग आहे, ब्लफ. तुम्ही १००० लावायचा विचार करताय. त्याने फोल्ड केलं तर १००० मिळतील, कॉल केलं तर १००० जातील. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा त्याने फोल्ड केलं तरच हा ब्लफ फायद्याचा. (५०० लावले असते तर तीनातून एकदा फोल्ड झालं तरी बरोबरी साधली असती, बेट लहान असली की ब्लफ कमी वेळा यशस्वी होऊनही चालतो.)

समजा हाच प्रसंग शंभर वेळा आला, आणि हा खेळाडू ४० वेळा फोल्ड करतो, ६० वेळा कॉल. डोळे मिटून दर वेळी ब्लफ केलात तर ४०,००० मिळवाल, ६०,००० घालवाल. सरळ तोटा. पण तुमच्या असं लक्षात आलेलं आहे की फोल्ड करायचं मनात असलं की तो पानांवरची पकड सैल करून ती किंचित पुढे सरकवतो. नेहमी नाही. फोल्डच्या ४० पैकी २० वेळा. कॉल करणार असतानाही कधीकधी त्याचा हात तसा जातो, ६० पैकी १० वेळा. आता खूण दिसली तेवढ्याच वेळा मोजा. एकूण ३०, आणि त्यातल्या २० वेळा तो फोल्ड करणार आहे. या ३० वेळा ब्लफ केलात तर २०,००० आले, १०,००० गेले. तोट्याचा ब्लफ फायद्याचा झाला.

आता तीच खूण, पण माणूस वेगळा. हा हट्टी आहे, शंभरात १० वेळाच फोल्ड करतो. खूण त्याच प्रमाणात दिसते: फोल्डच्या निम्म्या वेळा म्हणजे ५ वेळा, आणि कॉलच्या एक षष्ठांश वेळा म्हणजे ९० पैकी १५ वेळा. एकूण २० वेळा दिसली, त्यात तो फोल्ड करणार फक्त ५ वेळा. ब्लफ केलात तर ५,००० मिळतील आणि १५,००० जातील. खूण तितकीच खरी होती, तुम्ही ती तितकीच नीट ओळखलीत, आणि तरी निर्णय चुकीचा.

आणखी एक प्रकार पाहा. माणूस पहिलाच, ४० वेळा फोल्ड करणारा, पण खूण कमी धारदार. फोल्डच्या निम्म्या वेळा दिसते आणि कॉलच्या एक तृतीयांश वेळा. म्हणजे दोन्हीकडे २०-२०. ब्लफ केला काय आणि न केला काय, सरासरीने शून्य.

खूण किती वेळा दिसते याला फारसं महत्त्व नाही हे यावरून कळतं. दोन्ही बाजूंना ती किती वेगवेगळ्या प्रमाणात दिसते, आणि खूण दिसण्याआधीचा तुमचा अंदाज काय होता, यावर सगळं ठरतं. आधीच्या अंदाजात नव्या पुराव्याची भर घालण्याची ही पद्धत थॉमस बेझ याच्या नावाने ओळखली जाते. त्याचा यावरचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ साली छापला गेला. टेबलावर बसून हे आकडे कोणी मांडत नाही, मांडता येतही नाहीत. पण क्रम मात्र पाळता येतो. आधी स्वतःला विचारायचं: समोरच्याकडे पाहिलंच नसतं तर मी बेट लावली असती का? उत्तर ठाम ‘हो’ किंवा ठाम ‘नाही’ असेल तर टेल सोडून द्यावा. उत्तर ‘सांगता येत नाही’ असेल, तरच टेलला कौल देऊ द्यावा. बहुतेक लोक हा क्रम उलटा करतात. आधी थरथर बघतात, मग तिला साजेशी गोष्ट रचतात.

आधीचा अंदाज येतो कुठून? बेटिंगमधून. चिप्स जे बोलतात ते चेहरा कधीच बोलत नाही. फ्लॉपवर दोन बदाम होते, समोरचा फ्लॉपवर आणि टर्नवर मुकाट्याने कॉल करत गेला, रिव्हरला तिसरा बदाम पडला आणि तो एकाएकी रेझ करून उठला. त्याचा चेहरा कितीही पडलेला असो, त्या रेझकडे आधी बघा. नवख्यांच्या बाबतीत बेटेचा आकारही खूप सांगतो. अनेकांना नकळत सवय लागते: पानं भारी असली की एका आकाराची बेट, मारून न्यायचं असलं की दुसऱ्या. दोन-तीनदा शेवटी पानं उघडी झाली की तो आकार त्यांच्या पानांइतकाच उघडा होतो.

यासाठी निरीक्षण कधी करायचं, हाही प्रश्नच आहे. स्वतः डावात असताना माणूस बघत नाही, आशा धरतो. बघायची वेळ असते ती आपण फोल्ड केल्यानंतरची. नेमका तेव्हाच बहुतेक जण फोन काढतात. आपल्याला काही देणंघेणं नसलेल्या डावात कोण किती वेळ घेतो, चिप्स कशा टाकतो, बोलतो की गप्प होतो हे पाहायचं, आणि शेवटी पानं उघडी झाली की मागे जाऊन जुळवायचं. ज्याची पानं शेवटी दिसलीच नाहीत, त्याच्या खुणेचा अर्थ लावण्यात हशील नाही. आणि तुलना नेहमी त्याची त्याच्याशीच करायची. बडबड्या माणूस बडबडला तर काय कळलं? बडबड्या गप्प झाला तर काहीतरी कळलं.

बेट लावायची की नाही हे ठरवताना सगळ्यात उपयोगी पडणारा टेल मात्र यातला एकही नाही, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. पाळी डावीकडे सरकत जाते, त्यामुळे तुमच्या डाव्या हाताला बसलेल्यांनी अजून काही केलेलं नसतं. पानं वाटली की आपली पानं लगेच उचलू नका, डावीकडच्यांना त्यांची उचलताना बघा. ज्याला पानं आवडली नाहीत, तो बऱ्याचदा ती टाकायच्या तयारीत हातात धरून ठेवतो, नजर दुसरीकडे लावतो, पाळीची वाट बघत कंटाळतो. ज्याला आवडली, तो पानांवर चिप ठेवतो, जरा ताठ बसतो आणि कोण काय करतंय तिकडे लक्ष देऊ लागतो. डावीकडचे दोघं-तिघं पानं टाकायच्या बेतात दिसले तर हलक्या पानांवरही बेट लावून पॉट ढापता येतो. हा टेल नाटकी नसतो, कारण अजून आपली पाळीच नाही तर आपल्याकडे कोण बघतंय, असं त्यांना वाटत असतं.

वाचन बरोबर असूनही पॉट हातचा जाऊ शकतो, याचं गाजलेलं उदाहरण २००३ च्या वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत घडलं. ८३९ खेळाडूंतून शेवटी दोघं उरले: मुरलेला व्यावसायिक सॅम फार्हा आणि ऑनलाइन पात्रता फेरीतून आलेला, पेशाने अकाउंटंट असलेला ख्रिस मनीमेकर. एका डावात टेबलावर पडलेली पानं होती इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की, मग इस्पिक अठ्ठी आणि शेवटी बदाम तिर्री. मनीमेकरकडे इस्पिक राजा आणि बदाम सत्ती. एक इस्पिक आला असता तर फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं), दश्शी किंवा पंजी आली असती तर सरळ क्रम. यातलं काहीच आलं नाही. फार्हाकडे राणी आणि नव्वी, म्हणजे टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या पानाची जोडी. मनीमेकरने सगळ्या चिप्स मधे ढकलल्या आणि गॉगलमागे गप्प बसला. तुझा फ्लश चुकलेला दिसतोय, अशा अर्थाचं काहीतरी फार्हा बोलला देखील. बरोबर बोलला. आणि थोड्या वेळाने फोल्ड झाला. ती स्पर्धा आणि २५ लाख डॉलर मनीमेकरने जिंकले.

फार्हाला दोष देणं सोपं आहे. पण त्याच्या जागी बसून पाहा. टेबलावर तीन इस्पिक, तीन पानं एका क्रमाजवळची, समोरच्याने सर्वस्व लावलेलं. बेटिंग सांगत होतं की जोडी हरली आहे. मन सांगत होतं की हा ब्लफ आहे. त्याने बेटिंगचं ऐकलं. माझ्या मते हा निर्णय वाटतो तितका वाईट नव्हता, फक्त त्याचा निकाल कॅमेऱ्यासमोर लागला.

बोलण्यातल्या खुणा हा स्वतंत्रच विषय आहे. एवढं सांगतो, की मोठी बेट लावल्यानंतर जो मोकळेपणाने, पूर्ण वाक्यांत, हसतखेळत बोलतो तो सहसा निर्धास्त असतो, आणि निर्धास्तपणाचं कारण बहुधा त्याच्या पानांतच असतं. ब्लफ मारणाऱ्याची वाक्यं आखडतात. पण २००६ ची मुख्य स्पर्धा, तब्बल ८७७३ खेळाडूंतून, जिंकणारा जेमी गोल्ड डावभर बडबडत राहायचा आणि अनेकदा आपल्याकडे काय आहे हे चक्क खरं सांगून टाकायचा. समोरचे खरं मानायलाच तयार नव्हते. टेल वाचणाऱ्यांची गोची करायला खोटं बोलावंच लागतं असं नाही.

जाणून पेरलेल्या खोट्या खुणाही असतातच. कॅरोचं सूत्र ज्याने वाचलंय तो भारी पानांवर मुद्दाम तुमच्याकडे रोखून बघेल. त्यामुळे सूत्र लावण्याआधी पाहायचं, की समोरचा या थराला जाणारा आहे का. नवख्यांवर नाटकी टेल चालतात, मुरलेल्यांवर ते उलटू शकतात. ऑनलाइन खेळात तर चेहराच नाही. तिथे उरतो तो वेळ आणि बेटेचा आकार. तिथलं झटपट चेक म्हणजे अनेकदा आधीच बटण दाबून ठेवलेलं असतं. उलट, तिथला उशीर म्हणजे खोल विचार असेल किंवा दारावरची बेल वाजली असेल.

आणि टेलशिवाय किती मजल जाते, याचं उत्तर २०१७ च्या जानेवारीत मिळालं. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या नोम ब्राउन आणि टुमास सँडहोम यांनी बनवलेला लिब्रॅटस नावाचा प्रोग्राम चार व्यावसायिकांशी १,२०,००० डाव खेळला आणि मोठ्या फरकाने जिंकला. त्याला डोळे नव्हते. समोरचा घाबरलाय की खुशीत आहे, हा प्रश्नच त्याला पडत नव्हता. कोणत्या पानांवर किती वेळा बेट, किती वेळा ब्लफ, याचं गणित त्याने इतकं पक्कं केलं होतं की समोरच्याला पकडायला जागाच उरली नाही. दोन माणसांच्या टेबलावर टेल वाचणं म्हणजे अशा गणितावर वर मिळालेली थोडी कमाई. गणितच कच्चं असेल तर ती कमाई आधीच्या भोकातून गळून जाते.

याची दुसरी बाजू तुमच्या स्वतःच्या खुणांची. त्या दडपण्यासाठी चेहरा दगडी करण्याची गरज नाही, फार वेळ ते जमतही नाही. जास्त सोपं म्हणजे प्रत्येक वेळी तेच करणं. पानं एकदाच बघायची, नीट लक्षात ठेवायची, पुन्हा उचलायची नाहीत. निर्णय सोपा असो की अवघड, कृती करण्याआधी तेवढेच दोन-चार क्षण थांबायचं. चिप्स त्याच हाताने, त्याच पद्धतीने पुढे ठेवायच्या. बेट लावल्यावर नजर पॉटवर एका जागी ठेवायची आणि कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, चांगली पानं असतानाही नाही. हे शेवटचं पाळणं सगळ्यात कठीण जातं, कारण भारी पानं हातात असली की माणसाला गप्पा मारायची फार हौस येते.